पाठ संपल्यावरचा अर्धा तास

अपूर्णांकांचा पाठ चालला होता. एक छेद चार मोठा की एक छेद आठ, असं शिक्षकी पेशाचा सराव करायला माझ्या वर्गात आलेल्या छात्राध्यापिका मॅडमनी विचारलं आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "एक छेद चार!" मॅडम खूश झाल्या. "शाब्बास" म्हणून त्यांनी उत्तर फळ्यावर लिहिलं आणि पुढच्या उदाहरणाकडे वळल्या. मी मागून दुसऱ्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारच्या मुलीनंही सगळ्यांबरोबर तोंड उघडलं होतं. तिच्या वहीत मात्र एक छेद आठ मोठा, असं चिन्ह काढलेलं होतं. चारापेक्षा आठ मोठे, म्हणून एक छेद आठ मोठा, असं सरळ गणित. फळ्यावर उत्तर आलं तसा तिनं खोडरबर काढला, चिन्ह पुसलं, उलटं काढलं, वही मिटली आणि हाताची घडी घालून फळ्याकडे बघत बसली.

मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून महाविद्यालयातून आलेले पाठ निरीक्षक बसले होते. त्यांनी निरीक्षण वहीत लिहिलं : प्रस्तावना चांगली. आवाज स्पष्ट. शैक्षणिक साहित्याचा योग्य वापर. फलकलेखन नीटनेटके. वर्ग नियंत्रणाकडे अधिक लक्ष द्यावे. खाली गुण, त्याखाली सही. त्यांना लगेच निघावं लागलं, कारण वरच्या मजल्यावर दुसऱ्याचा पाठ सुरू झाला होता. त्या शेऱ्यातला एकही शब्द खोटा नव्हता. प्रस्तावना खरंच छान होती, अक्षर तर मोत्यासारखं. पण त्या तासात घडलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या पानावर नव्हती. मॅडमना ती कळली नाही, निरीक्षकांना कळली नाही, आणि मी योगायोगानं त्या बाकावर बसले नसते तर मलाही कळली नसती.

बरीच वर्षं मी छात्राध्यापकांना माझ्या वर्गात घेते आहे. त्याच्या कितीतरी आधी मीही टाचणवही, म्हणजे पाठाचं नियोजन लिहिलेली वही, छातीशी धरून दुसऱ्याच्या वर्गाबाहेर उभी राहिले आहे. दोन्ही बाजूंनी हे सगळं पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. नवा शिक्षक घडतो तो पाठ संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात, ज्या मुलांना शिकवलं त्यांच्या नेहमीच्या शिक्षकासमोर बसून त्या पाठाबद्दल बोलताना. हा अर्धा तास शाळेच्या वेळापत्रकात छापलेला असला पाहिजे आणि तिथे बोलायला बसणाऱ्या शिक्षकाच्या हातात गुण असता कामा नयेत. टाचणाचा नमुना, पाठांची संख्या, तक्त्यांचे रंग हे सगळं यानंतर.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. शिक्षकी पेशाला एक अडचण आहे जी दुसऱ्या फारशा कुठल्या पेशाला नाही. शिकायला येणारा माणूस तो पेशा आधीच हजारो तास बघून आलेला असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली याचा हिशेब मांडला होता : शालेय शिक्षण संपेपर्यंत सर्वसाधारण विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढतो. लॉर्टींनी याला निरीक्षणाची उमेदवारी म्हटलं, म्हणजे नुसतं बघत बघत पेशा शिकणं. पण ही उमेदवारी बाकावर बसून केलेली असते. बाकावरून शिक्षक बोलताना दिसतो, रागावताना दिसतो, फळा पुसताना दिसतो. हा प्रश्न त्यानं याच मुलाला का विचारला, ठरवलेलं उदाहरण ऐनवेळी का सोडलं, दहा मिनिटं हातात असतानाही तास तिथेच का थांबवला, यातलं काहीच बाकावरून दिसत नाही. छात्राध्यापक येतो तेव्हा त्याच्या मनात एक तयार शिक्षक असतो आणि तो शिक्षक फक्त समोरच्या बाजूनं रंगवलेला असतो.

मागची बाजू दाखवायची तर ती बोलूनच दाखवावी लागते. आणखी चाळीस तास मागे बसवून ती दिसत नाही. बाकावर आधी तेरा हजार तास झालेले आहेत, त्यात आणखी चाळिसांची भर, एवढंच होतं. म्हणून 'आधी आठवडाभर नुसतं निरीक्षण करा' असं सांगून छात्राध्यापकाला मागच्या बाकावर सोडून देणाऱ्या शाळा मला खटकतात. निरीक्षण हवंच. पण काय बघायचं हे आधी कुणीतरी सांगायला हवं आणि काय दिसलं हे नंतर कुणीतरी विचारायला हवं. "आज तिसऱ्या रांगेतल्या त्या दोन मुलांकडेच बघा, मी काय करते आहे ते बघू नका," एवढं एक वाक्य आधी सांगितलं तरी त्या तासाचं मोल बदलतं.

त्या अपूर्णांकांच्या पाठानंतर आम्ही दोघी बोललो, ते सांगण्यासारखं आहे. मधली सुट्टी होती. "कसं वाटलं?" असं मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर 'छान' किंवा 'वाईट' यापलीकडे जात नाही. मी विचारलं, "मुलांना काय समजलं असेल?"

"समजलं, मॅडम. सगळ्यांनीच उत्तर दिलं."

मी त्या मुलीची वही मागून घेतली होती. ते पान उघडून पुढे केलं. खोडरबरानं पुसलेलं चिन्ह कागदावर उमटलेलं दिसत होतं, त्याच्यावरच नवं चिन्ह काढलेलं होतं. त्या बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काय करायला हवं होतं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. कागदाच्या पट्ट्या द्यायच्या, घड्या घालायला लावायच्या, तुकडे शेजारी ठेवायला लावायचे. पण ते मी सांगितलं असतं तर त्या एका धड्यापुरता एक उपाय त्यांच्या पदरात पडला असता. मी म्हटलं, "ते नंतर. आधी हे सांगा, तिला असं वाटतंय हे तुम्हाला कळलं कसं असतं?" पुन्हा शांतता. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच सुचत गेलं. "आधी वहीत लिहायला सांगितलं असतं तर... बोलायच्या आधी. आणि मी फिरून बघितलं असतं." त्यांना हे दहा मिनिटांत सुचलं. या दहा मिनिटांनी त्यांच्या पुढच्या सगळ्या वर्गांना काहीतरी दिलं असेल, असं मला मनापासून वाटतं. निरीक्षण वहीत हे कुठे लिहायचं? त्यासाठी रकानाच नव्हता.

प्रश्न विचारल्यावर थांबणं ही अशीच एक गोष्ट. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदसुद्धा थांबत नाहीत, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, 'माहीत नाही' म्हणणं कमी झालं. किती साधी गोष्ट! पण स्वतःला ती कळत नाही. पाठ घेणाऱ्याला ते तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात, विशेषतः मागे वही घेऊन कुणी बसलेलं असताना. शेजारी बसलेल्या माणसानं कागदावर नुसती नोंद ठेवली की अमुक प्रश्न विचारला, इतके सेकंद थांबलात, याला विचारलं, तर तो कागदच बोलतो. शेऱ्याची गरजच पडत नाही.

मार्गदर्शक शिक्षकानं, म्हणजे ज्याच्या वर्गात पाठ होतो त्यानं, पाठ चालू असताना काय लिहावं, याबद्दल म्हणूनच माझा आग्रह आहे. मत लिहू नये, घडलं ते लिहावं. 'सहभाग कमी' हे मत झालं. 'बावीस प्रश्न, सतरा पहिल्या दोन रांगांना, खिडकीकडच्या रांगेला एकही नाही' ही नोंद झाली. मत वाचून माणूस स्वतःची बाजू मांडू लागतो, नोंद वाचून विचारात पडतो. जपानमध्ये शिक्षक एकमेकांचे पाठ बघून त्यावर चर्चा करतात, त्या पाठअभ्यासाची परंपरा जुनी आहे. त्यातलं मला सगळ्यात आवडणारं हेच की बघायला आलेले शिक्षक बाकांच्या मधे उभे राहून मुलांच्या वह्यांत डोकावतात आणि कुठल्या मुलानं काय केलं ते टिपून घेतात. नंतरची चर्चा त्या टिपणांवर होते.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला हवी, कारण ती माझ्या एकटीची नाही. मार्गदर्शनाच्या सुरुवातीच्या काळात एका छात्राध्यापकाचा तास हातातून सुटत चालला होता. मुलं आपापसांत बोलत होती, मागे काहीतरी फेकाफेकी सुरू झाली होती. त्या सरांचा आवाज चढत गेला आणि चिरकला. मला ते बघवेना. मी उठले, पुढे गेले, त्यांच्या हातातून खडू घेतला आणि म्हटलं, "काय चाललंय?" वर्ग चिडीचूप झाला. मी उरलेला तास घेतला. सर खिडकीशी उभे होते.

त्या वेळी मला वाटलं, मी मदत केली. खरं म्हणजे मी मुलांना सांगून टाकलं होतं की हे तुमचे खरे शिक्षक नाहीत. पुढचे चार आठवडे मुलांनी त्यांना तसंच वागवलं. ते रोज यायचे, पाठ घ्यायचे, वही पुढे करून सही घ्यायचे आणि जायचे. आमच्यात पुन्हा कधी मोकळं बोलणं झालं नाही. वर्गात तास फसला तर मुलांचं एका तासाचं नुकसान होतं आणि ते दुसऱ्या दिवशी भरून काढता येतं. मी खडू घेतल्यानं झालेलं नुकसान मला भरून काढता आलं नाही. तेव्हापासून आगीचा किंवा मारामारीचा प्रसंग सोडला तर पाठ चालू असताना मी जागची उठत नाही. फार तर आधी ठरवलेली खूण करते. कुठल्या प्रसंगी काय करायचं हे आम्ही आदल्या दिवशीच बोलून ठेवतो.

आणि तो तास बिघडला कुठे होता? गोंधळ झाला तेव्हा नाही. जेकब कूनिन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं : गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतो, यावरून चांगल्या आणि वाईट वर्गांत फरक सांगता येत नाही. फरक पडतो तो त्याच्या आधी. सगळ्या वर्गात काय चाललंय याचं भान शिक्षकाला आहे का, एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना रेंगाळणं होतं का, मुलांच्या हाताला काम आहे का, यावर. त्या सरांनी कृतीपत्रिका वाटायला सात मिनिटं घेतली होती आणि त्या सात मिनिटांत तीस मुलं रिकामी बसली होती. 'वर्ग नियंत्रणाकडे लक्ष द्यावे' असा शेरा वाचून माणूस दुसऱ्या दिवशी जास्त जोरात ओरडतो. 'कृतीपत्रिका वाटताना मुलं काय करत होती?' या प्रश्नानं तो दुसऱ्या दिवशी कागद आधीच बाकांवर ठेवतो.

आता गुणांकडे येते. सरावपाठ ही परीक्षाही आहे, हे मला मान्य आहे. अपात्र माणूस मुलांसमोर उभा राहू नये यासाठी कुणीतरी कधीतरी 'नाही' म्हणायलाच हवं. माझा आक्षेप आहे तो प्रत्येक पाठाला गुण देण्याला, आणि मार्गदर्शन करणाऱ्याच माणसानं ते देण्याला. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ज्यांना नुसता लेखी अभिप्राय मिळाला त्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. ज्यांना अभिप्रायाबरोबर गुणही मिळाले त्यांना अभिप्रायाचा तो फायदा झाला नाही. आकडा दिसला की त्याच्या शेजारचं वाक्य कुणी वाचत नाही. मोठ्या माणसांचंही तेच होतं. मी छात्राध्यापकांना निरीक्षण वही उघडताना पाहिलं आहे. नजर सरळ खाली, गुणांवर जाते.

दुसरा परिणाम जास्त खोल आहे. ज्याच्या हातात गुण आहेत त्याला कुणी आपली अडचण सांगत नाही. "मला हा भाग स्वतःलाच नीट कळलेला नाही" हे वाक्य मार्गदर्शनातलं सोन्याचं वाक्य आहे. ते ऐकायला मिळालं तर एका संध्याकाळी तो भाग दोघांनी बसून सोडवता येतो. पण गुण देणाऱ्यासमोर ते वाक्य कोण उच्चारेल? मग छात्राध्यापक सोपा घटक निवडतो, हुशार वर्ग मागतो, आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतो. मुलंही यात पारंगत होतात. "मॅडम, आज तुमचा पाठ आहे ना? मग आम्ही शांत बसतो," असं एका मुलानं माझ्या छात्राध्यापिकेला प्रेमानं सांगितलेलं मी ऐकलं आहे. त्याच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. पण पाठ हा मॅडमचा असतो आणि आपण त्यात त्यांना साथ द्यायची असते, हे त्या मुलाला आपणच शिकवलं.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९०४ साली, म्हणजे शतकाहून अधिक काळापूर्वी, याची सूचना देऊन ठेवली होती. शिकाऊ शिक्षकाला फार लवकर वर्ग सांभाळण्याच्या आणि निरीक्षकाला खूश ठेवण्याच्या कचाट्यात टाकलं, तर तो मुलांची मनं वाचायला शिकत नाही. काय केल्यानं निभावतं तेवढं शिकतो. मुलांच्या अवधानाचे दोन प्रकार असतात, असंही त्यांनी म्हटलं होतं. एक बाहेरचं, शिक्षकाला दाखवायचं. दुसरं आतलं, जिथे विचार चाललेला असतो. ते आतलं ओळखता येणं हीच त्यांच्या मते शिक्षकाची खरी खूण. हाताची घडी घालून फळ्याकडे बघत बसलेली ती मुलगी मला इथे आठवते.

म्हणून माझी मागणी अशी. पूर्ण काळाच्या शेवटी एकदा, दोन-तीन सलग तास पाहून, त्या छात्राध्यापकाशी आधी संबंध न आलेल्या माणसानं निर्णय द्यावा. रोजच्या पाठांना गुण नकोत. मार्गदर्शक शिक्षकानं शेवटी लेखी वर्णन जरूर द्यावं : हा माणूस पहिल्या आठवड्यात कुठे होता, आता कुठे आहे, काय अजून जमत नाही. ते वर्णन आधी छात्राध्यापकाच्या हातात पडलं पाहिजे. कुणाला हा पोरखेळ वाटेल, कारण आकडा नसेल तर गांभीर्य राहत नाही अशी आपली सवय आहे. मला उलट वाटतं. मी दिलेल्या गुणांपैकी एकही आज मला आठवत नाही, आणि ज्यांना दिले त्यांनाही आठवत नसेल.

वेळेचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि इथे शाळांची बाजू नीट ऐकायला हवी. मार्गदर्शक शिक्षकाच्या तासिका कमी होत नाहीत. अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो, वह्या तपासायच्या असतात, आणि छात्राध्यापकानं घेतलेला घटक पुन्हा घ्यावा लागेल अशी धास्ती असते. अशा माणसाला 'तुम्ही यांना मार्गदर्शन करा' म्हणून सांगायचं म्हणजे त्याच्या मधल्या सुट्टीवर हात ठेवणं. मग तो सही करतो. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. पण याच शाळा छात्राध्यापक आले की ऑफ तास भरायला त्यांना पाठवतात, परीक्षेत पर्यवेक्षणाला बसवतात, स्नेहसंमेलनाच्या तालमी त्यांच्यावर सोपवतात. शाळेचं आयुष्य समजायला यातलं थोडं उपयोगी आहे. पण फुकटचे हात मिळाले म्हणून वापरायचे आणि त्या बदल्यात शिकवायला कुणाला वेळ नाही, हा सरळ सरळ अन्याय आहे. एका वर्गात दोन मोठी माणसं असतात तेव्हा शाळेला जो फायदा होतो, त्यातला थोडा वेळ मार्गदर्शकाला परत द्यावा, एवढंच मी मागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून छात्राध्यापक बरेच तास स्वतः घेऊ लागतो. तेव्हा मोकळा झालेला मार्गदर्शक दुसऱ्या कुणाच्या रजेवर पाठवला जातो. तिथेच तो अर्धा तास हरवतो.

हे काही स्वप्नरंजन नाही. १८४६ साली इंग्लंडमध्ये विद्यार्थी-शिक्षकांची पद्धत सुरू झाली. तेराव्या वर्षापासून पाच वर्षांची उमेदवारी, मुख्याध्यापकाच्या हाताखाली. एवढ्या लहान मुलांवर शिकवण्याचं ओझं टाकणारी ती पद्धत मला मुळीच नको आहे. पण तिच्यात एक गोष्ट होती : मुख्याध्यापकानं त्या उमेदवारांना रोज दीड तास शिकवलं पाहिजे असा नियम होता आणि त्याबद्दल त्याला वेगळा मोबदला मिळत असे. मार्गदर्शन हे काम आहे आणि कामाला वेळ लागतो, हे तेव्हा कागदावर मान्य होतं. आजच्या काळात फिनलंडमध्ये विद्यापीठांना जोडलेल्या सराव शाळा आहेत. तिथल्या शिक्षकांच्या नोकरीतच छात्राध्यापकांचं मार्गदर्शन धरलेलं असतं. स्कॉटलंडनं २००२ पासून नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष कमी तासिकांचं केलं आणि त्याच्या मार्गदर्शकाला त्या कामासाठी वेळ राखून दिला.

बाकी ठिकाणी नियम बहुधा आठवडे मोजतात. भारतात शिक्षक प्रशिक्षणाबद्दलच्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि २०१४ च्या नियमांनी शाळेतल्या कामासाठी किमान २० आठवडे ठरवले. इंग्लंडमध्येही किमान दिवस आणि दोन तरी शाळा ठरलेल्या असतात. जपानमध्ये सरावपाठांचा काळ अवघा दोन ते चार आठवड्यांचा, पण १९८९ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालेल्या नियमानुसार सरकारी शाळेत रुजू झालेल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिलं वर्षभर मार्गदर्शनाखाली शिकावं लागतं. आठवडे वाढले हे चांगलंच झालं. मुलांची नावं पाठ व्हायलाच दोन आठवडे जातात, आणि ज्याचं नाव माहीत नाही त्याला काही शिकवता येत नाही. पण वीस आठवड्यांत त्या पाठांबद्दल शांतपणे बोलणं किती वेळा झालं, हे कुठल्याच नोंदवहीत नसतं. ते मोजायला लागू, तेव्हा शाळा त्याची सोय करतील.

मार्गदर्शक कोणाला नेमावं, याबद्दल थोडं. ज्याची नोकरी सगळ्यात जुनी किंवा ज्याच्याकडे तास कमी, अशी निवड होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॅथ्यू रॉनफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांचं स्वतःचं शिकवणं परिणामकारक होतं अशा शिक्षकांच्या वर्गात सराव केलेले उमेदवार पुढे स्वतःही जास्त परिणामकारक ठरलेले दिसले. म्हणजे निवड शिकवणं बघून व्हावी. पण चांगलं शिकवणाऱ्याला आपण काय करतो ते सांगता येतंच असं नाही. वर्षानुवर्षं हात बसलेला असतो. "तुम्ही तिथे का थांबलात?" असं छात्राध्यापकानं विचारलं की आपण म्हणतो, "अनुभवानं कळतं." हे उत्तर देणं मी बंद केलं आहे. आता सांगते, "थांबा, आठवू दे." आणि खरोखर आठवून सांगते : त्या मुलाची पेन्सिल थांबली होती, शेजारच्यानं त्याच्या वहीत डोकावलं, तेव्हा मला वाटलं इथे काहीतरी अडलंय. असं सांगायला मार्गदर्शकांनाही शिकावं लागतं. महाविद्यालयाच्या निरीक्षकांनी इथे यावं, असं मला वाटतं. दिवसात सहा पाठ धावत बघण्यापेक्षा त्यांनी एक पाठ आणि त्यानंतरची आमची चर्चा पूर्ण ऐकावी, आणि मग मला सांगावं की मी कुठे जास्त बोलले.

मार्गदर्शकानं स्वतःचा तासही उघडा ठेवला पाहिजे, फसलेला तर नक्कीच. माझा भागाकाराचा एक तास पार कोलमडला तेव्हा मागे बसलेल्या छात्राध्यापिकेला मी विचारलं, "कुठे बिघडलं?" त्या आधी घाबरल्या. मग अगदी बरोबर जागा दाखवली : मी दुसऱ्या उदाहरणात एकदम दोन नव्या गोष्टी आणल्या होत्या. त्या दिवसानंतर त्यांच्या पाठांबद्दल बोलणं सोपं झालं.

पालक विचारतात, आमच्या मुलांवर प्रयोग कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला झटकून टाकणारे मला आवडत नाहीत. मुलांचं वर्ष एकदाच येतं. पण नवा शिक्षक कुणाच्या तरी मुलांवरच शिकणार. वर्गात दुसरा अनुभवी माणूस असताना शिकला तर चूक त्याच दिवशी दिसते, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. नोकरी लागल्यावर दार लावून एकटा शिकला तर ती चूक अनेक वर्षं कुणाला दिसतही नाही. पालकांनी मागणी करायचीच असेल तर ती ही करावी की छात्राध्यापक वर्गात असताना वर्गशिक्षक शिक्षकखोलीत बसलेले नसावेत.

यंदा छात्राध्यापक घ्यायला होकार देण्याआधी मी मुख्याध्यापकांकडे गेले. वेळापत्रकात माझ्या आणि छात्राध्यापकांच्या नावासमोर आठवड्यातून चार वेळा शेवटची तासिका राखून द्या म्हटलं. चार मिळाल्या नाहीत, दोन मिळाल्या. भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यात त्या दोन चौकटींत काय लिहायचं, असं लेखनिकांनी विचारलं. विषयाचं नाव लागतं, रिकामं सोडता येत नाही. मी म्हटलं, "पाठचर्चा लिहा." अपूर्णांकांच्या त्या मॅडम माझ्याकडे होत्या तेव्हा अशी चौकट नव्हती, आम्ही मधल्या सुट्टीतच बोललो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात कागदाच्या पट्ट्या आणल्या आणि प्रश्न फळ्यावर लिहून सांगितलं, "कुणीही बोलायचं नाही. आधी वहीत लिहा." मग त्या बाकांमधून चालत मागे आल्या आणि त्या मुलीच्या शेजारी थांबल्या. तिनं तीनदा घडी घातलेली पट्टी उलगडून तिचा एक तुकडा दोनदा घडी घातलेल्या पट्टीच्या तुकड्याशेजारी ठेवला होता आणि ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मी माझ्या कागदावर सेकंद मोजत होते. अकरा झाले होते.